कलमाखालचा फुटवा

मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक कच्चा फाटा फुटतो. त्या फाट्यावरून ओढा ओलांडून गेलं की शिरटेंभे. गाव लहान, सगळी भातशेती करणारी घरं. ओढ्याच्या काठाला भाताची खाचरं आणि वर टेकाडावर वरकस. वरकस म्हणजे मुरमाड, उताराची जमीन. तिथं गवत वाढतं, कधी नाचणी-वरी होते, आणि अधूनमधून ऐनाची झाडं उभी असतात. या ऐनांना गावात मोठा मान. हिवाळ्यात त्यांच्या फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, भाताच्या रोपाच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात पेटवायच्या. याला राब म्हणतात. भाजलेल्या जागेवर रोप जोमानं येतं आणि तण मरतं. ऐन मात्र दरवर्षी बोडका होतो आणि दरवर्षी नव्यानं फुटतो.

गिरजा लग्न होऊन या गावात आली ती ऐनावर चढण्यात तरबेज होऊनच. माहेरी तिला भाऊ नव्हता, त्यामुळे कोयता कमरेला लावून झाडावर चढायचं काम तिच्याकडे आलेलं. सासरी पहिल्याच हिवाळ्यात तिनं पदर खोचला आणि सरसर वर गेली, तेव्हा खाली उभे असलेले सासरे काळूराम बघतच राहिले. नंतर घरी येऊन बायकोला म्हणाले, "गोटीरामाला बायको नाय, वानर आणलंय आपण."

"मंग तुमी खाली उभं राहून काय करत होता?" सासूनं विचारलं.

"ती तोडत होती त्या फांद्यांचं टाळ गोळा करत होतो, दुसरं काय!"

गिरजाला ते बोलणं आवडलं. काळूराम कुणाचं कौतुक करायचे ते असंच, शिवीच्या अलीकडचं.

घरात काळूराम आणि सासू, थोरला मुलगा गोटीराम, त्याची बायको गिरजा आणि धाकटा दीर विठू. गोटीराम मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा, त्यामुळे शेताकडं बघायचं ते सासऱ्यानं आणि सुनेनं. विठूनं एक जुनी जीप घेतली होती. ती तो सरळगाव, किन्हवली, शहापूर अशी प्रवासी भरून फिरवायचा. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला जगाच्या बातम्या लवकर कळतात. त्याला एक बातमी कळली होती, की मुंबईची माणसं आता या बाजूला फार्महाऊससाठी जमिनी बघतायत, आणि त्यांना भाताची खाचरं नको असतात. त्यांना उंचावरची, वाऱ्याची जागा हवी असते. म्हणजे वरकस.

त्याच सुमारास, दोन हजार साल उजाडायच्या आधीच्या पावसाळ्यात, गावात धम्मपाल आला.

धम्मपाल कृषी सहाय्यक होता. शहापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाड्यातला, शेतकी शाळेची पदविका घेतलेला, हडकुळा, भरभर बोलणारा. त्यानं देवळाच्या पारावर चार माणसं जमवली आणि फळबाग योजना सांगितली. सरकार वरकसावर आंब्याची कलमं लावायला पैसे देणार. खड्ड्याचे, कलमांचे, खताचे, मजुरीचेसुद्धा. पैसे तीन हप्त्यांत येणार. पहिला लावल्यावर. दुसरा पुढच्या वर्षी, पण शंभरातली पंचाहत्तर झाडं जिवंत असली तरच. तिसरा त्याच्या पुढच्या वर्षी. झाडं तुमची, आंबे तुमचे.

पार हसला.

"झाडं लावाय पैसं देतं तर मासं धराय पण देल काय सरकार?" कुणीतरी म्हणालं.

"गुरं काय खातील? कलमं?"

गिरजा हंडा घेऊन पाराच्या मागच्या वाटेनं चालली होती. ती थांबली आणि तिथूनच म्हणाली, "साहेब, झाडं मेली तर दिलेलं पैसं परत मागता काय?"

सगळे मागे वळले. धम्मपालनं तिच्याकडं बघून सरळ उत्तर दिलं, "परत मागत नाही, ताई. पण पुढचे देत नाही."

"मंग त्यात आपलं काय जातंय?" गिरजा म्हणाली आणि हंडा सावरत निघून गेली.

घरात मात्र हे इतकं सोपं नव्हतं. विठूकडं एक पार्टी तयार होती. मुलुंडचा माणूस, टेकाडावर उभं राहून डोंगराकडं बघत "वा वा" म्हणून गेला होता. विठूचं म्हणणं, अडीच एकर मुरुम विकावा, चांगली नवी गाडी घ्यावी, घराला स्लॅब टाकावा. गिरजाचं म्हणणं, जमीन एकदा गेली की गेली, आंबा लावून बघू. गोटीराम कारखान्यातून दमून यायचा आणि दोघांचंही ऐकून म्हणायचा, "बा सांगेल तसं."

काळूराम दोन दिवस वरकसावर फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी ओटीवर बसून त्यांनी निकाल दिला.

"आपली माणसं म्हणतील झाड जगलं, ते मी ऐकणार नाय. गिरजा म्हणंल जगलं, विठ्या म्हणंल मेलं. सरकार कुणाला फुकट दमडी सोडत नाय. त्यानं दुसरा हप्ता दिला, म्हंजे झाड खरंच जगलं. मंग वरकस राहील. हप्ता नाय आला, तर विठ्या, तुझ्या पार्टीला बोलव."

विठू हसला. "बा, मुरमात आंबा? पार्टीला मी थांबवून ठेवतो."

"ठेव," गिरजा म्हणाली. "थांबायची सवय लागंल त्याला."

अडीच एकरात शंभर केसर आंब्याची कलमं लागली. काळूरामांनी पहारीनं मुरूम फोडला, गिरजानं पालापाचोळा आणि शेणखत भरलं. लावताना धम्मपालनं प्रत्येक कलमाला काठी बांधायला लावली. पहिला हप्ता आला आणि तो बराचसा खड्ड्यांच्या मजुरीतच गेला.

भात कापून झालं की शिरटेंभ्यात गुरं मोकळी सोडतात. गुराखी नाही, दावं नाही, सगळं रान सगळ्यांचं. गिरजानं गुरं यायच्या आत बाभळीच्या आणि करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. काट्यांनी हात फाटले. काही बायका म्हणाल्या, "गो गिरजा, तुज्या आंब्यांपायी आमच्या गाईंना वळसा पडतोय." गिरजा म्हणाली, "चालतील की, पाय मजबूत होतील." पण दुसऱ्या दिवशी तिनं एका बाजूनं गाईंना ओढ्यावर जायला वाट सोडली. ओढ्यावरून ती कळशीनं पाणी आणायची आणि मडक्यांतून प्रत्येक झाडाच्या बुडाशी झिरपत ठेवायची. चैत्रापर्यंत शंभरातली जवळजवळ सगळी कलमं हिरवी होती.

चैत्रात राब पेटतात. त्या वर्षी कुणाच्या तरी राबाचा विस्तव वाऱ्यानं उडाला आणि वरकसाच्या गवतात शिरला. गिरजा आणि काळूराम ओल्या फांद्या घेऊन धावले. झाडांभोवतीचं गवत तिनं आधीच खुरपून काढलं होतं, त्यामुळं आग बुंध्यापर्यंत आली नाही. पण झळ लागली. खालच्या अंगाची चाळीसेक झाडं पार करपली. पानं तपकिरी होऊन कुरकुरीत झाली, शेंडे काळे पडले.

गिरजा त्या झाडांमधून फिरली. तिला रडू आलं नाही, कारण तिच्या मनात ऐन होता. करपलेला, बोडका केलेला ऐन तिनं शेकडो वेळा फुटताना बघितला होता. वाळलेलं डोक्यावर ठेवलं तर झाड त्यातच जीव घालवतं, आणि छाटलं तर खालून उसळून येतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं कोयता आणला. काळूरामांनीही आणला. दोघांनी मिळून ती सगळी झाडं खाली चार बोटं ठेवून छाटली.

"येतंय बघ," काळूराम म्हणाले. "ऐनाला काय आपण विचारून तोडतो?"

आणि खरंच आलं. पाणी घातल्यावर तिसऱ्या आठवड्यातच बुडातून लालसर कोंब निघाले, पावसाळ्यात ते गुडघ्याएवढे उंचावले आणि दिवाळीपर्यंत गिरजाच्या कमरेला लागले. जी झाडं जळली नव्हती तीसुद्धा यांच्यापुढं खुजी दिसत होती. गिरजा येणाऱ्याजाणाऱ्याला ती खालच्या अंगाची झाडं दाखवायची. गोटीराम रविवारी वर आला आणि म्हणाला, "अगो, दरसाल जाळूया मंग!"

हिवाळ्यात धम्मपाल पाहणीला आला. विठूही मुद्दाम आला. काळूराम काठी टेकत मागून आले. दुरून ती भरलेली हिरवी झाडं बघून धम्मपाल खूश झाला. पण पहिल्याच झाडाजवळ तो खाली बसला आणि बराच वेळ बुंध्याकडं बघत राहिला. मग दुसऱ्याजवळ गेला. मग तिसऱ्याजवळ. त्याचा चेहरा उतरत गेला.

"ताई, हे कुणी छाटलं?"

"मीच. वरून करपलं होतं. आता बघा की कसं आलंय!"

धम्मपाल उभा राहिला. त्याला सांगायला जड जात होतं हे दिसत होतं. "ताई, कलम म्हणजे दोन झाडं असतात. खाली कोयीपासून आलेलं रायवळ आंब्याचं मूळ, आणि त्याच्यावर बांधलेली केसरची काडी. दोघांचा सांधा जमिनीपासून वीतभर वर असतो. तुम्ही छाटलंत ते सांध्याच्या खाली. केसर निघून गेला. हे जे आलंय ते खालचं रायवळ."

"पण जित्तं हाय ना?" काळूराम म्हणाले.

"जिवंत आहे, बाबा. पण हे कलम नाही. माझ्या पाहणीत ही झाडं मेलेली धरावी लागतात. साठच भरतात. पंचाहत्तर लागतात." त्यानं हातातली वही मिटली. "मी खोटं नाही लिहू शकत."

"लिहू नका," गिरजा म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला होता. "पण मला हे आधी कुणी सांगितलं का नाय?"

"सांगायला हवं होतं. करपल्यावर तुम्ही असं करणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

ते खरंही होतं. कलम लावणाऱ्या गावांत कुणीही वाळलेला शेंडा सांध्याच्या खाली तोडणार नाही. ते फक्त ऐन तोडणारी माणसंच करतील.

विठूनं खिशातून चावी काढून बोटात फिरवली. मग वहिनीचं तोंड बघून परत खिशात ठेवली. तोही मनानं वाईट नव्हता.

"बा, आता?" तो म्हणाला.

काळूराम काही बोलायच्या आत गिरजानं धम्मपालला विचारलं, "साहेब, या रायवळावर पुन्हा केसर बांधता येत नाय काय? मूळ तर ह्याचं दांडगं हाय. आग लागून सुद्धा नाय मेलं."

धम्मपालनं मान वर केली. "येतं. जागेवरच कलम करायचं. पावसाळ्यात, कोवळ्या फुटव्यावर. नवीन रोपापेक्षा लवकर वाढेल, मूळ तयार आहे म्हणून. ते बांधलेलं जगलेलं दिसलं तर पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा पाहणी लावीन. हप्ता लांबेल, बुडणार नाही. पण ते हाताचं काम आहे, ताई. शिकावं लागतं."

"शिकते."

काळूरामांनी काठी जमिनीवर आपटली. "ठरलं होतं ते ठरलं होतं. पण आता ह्यो सरकारी माणूसच बोलतो की हप्ता बुडला नाय, लांबला. मंग माझी अट पण लांबली. एक पावसाळा. त्याच्यापुढं नाय."

विठूनं पार्टीला फोन करून सांगितलं, एक वर्ष. पार्टी नाराज झाली, पण त्या मुलुंडवाल्याला दुसरीकडं तसा डोंगर दिसत नव्हता.

शहापूरच्या अलीकडे एक खासगी रोपवाटिका होती. धम्मपालनं तिथल्या मालकाला सांगून ठेवलं. गिरजा जूनमध्ये तिथं मजुरीला लागली. पिशव्यांत माती भरायची, रोपं उचलायची आणि उरलेल्या वेळात कलमं बांधणाऱ्या बायकांशेजारी बसायचं. जाणं-येणं विठूच्या जीपनं.

"वयनी," पहिल्याच दिवशी विठू आरशातून बघत म्हणाला, "माझ्याच गाडीत बसून माझाच सौदा मोडाय चाललीस?"

"भाडं देते की रे."

"तुझ्याकडून भाडं घेऊ? आय मला जेवाय नाय घालणार."

जीपमधल्या बायका हसल्या. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "घे रे, घे. अर्धं तिकीट घे. सौदा मोडला तर तेवढं तरी हाताला लागंल."

रोपवाटिकेत कलमं बांधणारी मुख्य बाई हौसा. वय पन्नाशीच्या पुढचं, तोंडात मिश्री, हात यंत्रासारखे. तिनं गिरजाला चाकू दिला आणि एक काडी पाचरीसारखी तासायला सांगितली. गिरजानं कोयत्याच्या सवयीनं ठोका घातला. काडी उडून हौसाच्या मांडीवर पडली.

"काय गो मुरबाडकरणी, लाकडं फोडाय आलीस?"

"आमच्याकडं असंच तोडतात."

"इथं तोडायचं नाय. सोलायचंय. चाकू ओढायचा, एका ओढीत. दुसऱ्यांदा लावलास तर ती काडी टाकून दे. खरवडलेल्याला खरवडलेलं चिकटत नाय."

गिरजा रोज निंबाच्या डहाळ्या घेऊन बसायची आणि ओढायची. रात्री घरी अंगठ्याच्या पोटावर रेघा असायच्या. पंधरवड्यानं हौसानं तिची एक काडी उचलून उजेडात धरली, दोन्ही बाजू सपाट होत्या. मग ती काडी तिनं आपल्या पुढ्यातल्या खोडाच्या चिरेत बसवली आणि पट्टी गुंडाळली. गिरजाला तेवढं पुरलं.

काडी कशी निवडायची तेही तिथं कळलं. आठ दिवस आधी तिची पानं काढून टाकायची म्हणजे काडीचे डोळे, म्हणजे नवे कोंब, फुगतात. खालच्या झाडाचा फुटवा तांबूस, कोवळा हवा. बांधल्यावर वरून प्लॅस्टिकची टोपी घालायची. हौसा ज्या टोप्या वापरायची त्या म्हणजे पेप्सीच्या, शाळेबाहेर मिळणाऱ्या थंडगार गोड पाण्याच्या लांबट नळ्या, एक तोंड बंद असलेल्या. गिरजानं गावच्या शाळेत सांगून ठेवलं. पोरांनी इतक्या पेप्सी खाल्ल्या की मास्तर घरी विचारायला आले, हे आंब्याचं काय प्रकरण आहे.

एक गोष्ट मात्र हौसाला शिकवावी लागली नाही. कोवळे फुटवे मिळावेत म्हणून ती रायवळ झाडं मे महिन्यात पुन्हा छाटायची होती. ते गिरजानं आधीच केलं होतं, आणि बरोबर वेळेला तांबूस कोंब हजर होते. प्रत्येक झाडाचे दोन ठेवून बाकीचे तिनं काढले.

जुलैत तिनं अर्ध्या झाडांवर कलमं बांधली. पावसात, डोक्यावर इरलं घेऊन, गुडघ्यावर बसून. काळूराम शेजारी पट्ट्या धरून उभे असायचे. वीस दिवसांनी बघितलं, तर बहुतेक काड्या काळ्या पडलेल्या. गिरजानं एक टोपी सोडली. आत पाणी साचलं होतं.

धम्मपाल आला, त्यानं टोपी उलटीपालटी केली. वरच्या टोकाला सुईनं पाडलेली दोन बारीक भोकं होती.

"हे काय, ताई?"

गिरजा ओशाळली. "जीव गुदमरंल म्हणून. वारा नको काय त्याला?"

धम्मपालला हसू आवरेना. मग गिरजाही हसली. काळूराम मात्र गंभीर राहिले. "मीच सांगितलं तिला," ते म्हणाले. "वाटलं, सरकारी पद्धत असली तरी जीव जीवच."

ते खोटं होतं. भोकं गिरजानं आपल्या मनानंच पाडली होती. काळूरामांनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेची चूक स्वतःवर घेतली होती, आणि ते गिरजाला त्या पावसातही कळलं.

श्रावण अर्धा झाला होता. गणपतीनंतर फुटवा कडक होतो आणि कलम लागत नाही. दोन आठवडे होते. गोटीरामनं कारखान्यात रजा टाकली. तो शहापूरहून विठूच्या जीपनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या आणायचा. विठू त्या गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवायचा, ऊन लागू नये म्हणून. गिरजानं उरलेल्या सगळ्या झाडांवर बांधलं, आणि जी काळी पडली होती त्यांच्या दुसऱ्या फुटव्यावर पुन्हा बांधलं. एक ओढ, एक चीर, घट्ट पट्टी, टोपी, खाली दोरा. गाव म्हणायचं, "गिरजानं आंब्यांना टोप्या घातल्या, आता शाळेत पाठवंल."

गौरी-गणपतीच्या धामधुमीत तिला वर जायला वेळच मिळाला नाही. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. एका टोपीच्या आत काहीतरी तांबडं चिकटलं होतं. तिनं वाकून बघितलं. इवलंसं पान, दुमडलेलं, टोपीला आतून टेकलेलं. पलीकडच्या झाडावर तसंच. त्याच्या पलीकडं दोन.

तिनं टोप्या लगेच सोडल्या नाहीत. हौसानं बजावलं होतं, घाई नको. तिनं फक्त प्रत्येक झाडाखाली आलेले रायवळाचे बारीक फुटवे नखानं खुडले. पूर्वी हेच फुटवे बघून ती खूश झाली होती.

हिवाळ्यात पाहणीला धम्मपालबरोबर त्याचे वरिष्ठ, पर्यवेक्षक साहेब आले. जागेवर बांधलेली कलमं मोजायची की नाही, हे धम्मपालनं एकट्यानं ठरवायचं नाही असं ठरवलं होतं. साहेब वयस्क, कमी बोलणारे. ते प्रत्येक झाडाजवळ खाली बसत होते. काळूराम, विठू, गोटीराम, गावातले पाचसात जण मागून चालत होते. गिरजा पुढं गेली नाही. ती कुंपणाच्या वाटेजवळ उभी राहिली, हात पदरात गुंडाळून.

खालच्या अंगाला आल्यावर साहेब थबकले.

"इथला सांधा गुडघ्याच्या वर आहे. रोपवाटिकेतलं कलम असं नसतं."

"जागेवर बांधलंय, साहेब," धम्मपाल म्हणाला.

"ते दिसतंय. कुणी?"

धम्मपालनं तोंड उघडलं, पण काळूराम आधी बोलले. ते सुनेचं नाव चारचौघांत कधी घेत नसत. गोटीरामाचं घर, नाहीतर थोरली, असंच म्हणायचे.

"गिरजानं," ते म्हणाले. "माझ्या सुनेनं. शहापूरला जाऊन शिकून आली."

साहेबांनी कुंपणाकडं बघितलं. मग पुन्हा झाडाकडं. त्यांनी सांध्यावरून खालून वर आणि वरून खाली असा अंगठा फिरवला. "सरळ बसलंय," एवढंच म्हणाले आणि पुढच्या झाडाकडं गेले. शेवटी ते धम्मपालला म्हणाले, "ऐंशीच्या वर भरतात. धरा जिवंत." जाताना गिरजासमोर थांबून त्यांनी विचारलं, "खालचा फुटवा येतो का अजून?"

"येतो. येईल तसा खुडते."

"तीन-चार वर्षं येत राहील. खुडत जा."

हप्ता यायला होळी उलटली. काळूराम बँकेत गेले ते विठूच्याच जीपनं, पुढच्या सीटवर बसून. परत येताना गाडी माणसांनी भरली होती आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी मुलाला सांगितलं, "तुझ्या मुलुंडवाल्याला फोन कर. म्हणावं, डोंगर बघाय ये. पाहुणा म्हणून ये. जमीन नाय."

"कळलं, बा."

"रागावलास?"

विठूनं गिअर टाकला. "रागवून काय करू? काड्या तर मीच वाहिल्या." थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "माझ्या वाट्याला किती येतील त्यातले आंबे?"

"तुझ्या वयनीला विचार," काळूराम म्हणाले.

पुढच्या रविवारी काळूराम गावातली चार म्हातारी माणसं घेऊन वरकसावर आले. यातली दोन त्या दिवशी पारावर हसली होती, पण ते कुणी बोललं नाही. गिरजा ओढ्याकडच्या उतारावर कळशी टेकवून दम खात होती. वरून सासऱ्यांचा आवाज येत होता. ते एकेका झाडाशी थांबत होते आणि नव्यानं शिकलेल्या माणसासारखे जोरजोरात समजावून सांगत होते.

"ह्यो खालचा भाग रायवळ. ह्यो वरचा केसर. आणि हितं, ह्या गाठीपाशी दोघं एक झालेत. वाकून बघ, लांबून काय दिसतंय? हात लाव, हात लाव. आमच्या गिरजानं बांधलंय, आगीतून काढून."

"खरं बोलता काय? एका बाईमाणसानं?"

"मंग काय सरकारनं बांधलं? सरकारनं पैसं दिलं. ते पण बघून बघून दिलं."

गिरजानं कळशी कमरेवर घेतली, दोन पावलं चढली आणि तिथूनच ओरडली, "ओ मामा! दाखवा काय दाखवायचं ते, पण हात नका लावू देऊ सगळ्यांना! कवळं हाय अजून!"

वरून काळूरामांचा आवाज आला, मघापेक्षाही मोठा.

"ऐकलं काय? हात मागं घ्या. मालकीण आली."